किनाबालूच्या जंगलात गाइड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. एप्रिलमध्ये तुम्ही पत्नीसोबत बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यात जाताय. माउंट किनाबालूच्या पार्क मुख्यालयाजवळ चार रात्री मुक्काम आहे. अंबाझरी, गोरेवाडा, पेंच, उमरेड इथे तुम्ही बरीच वर्षं पक्षी पाहताय. दुर्बीण चांगली आहे, ई-बर्ड हे पक्षी-नोंदींचं संकेतस्थळ वापरता, आवाज ओळखणारं ॲप फोनमध्ये आहे. तिथल्या पक्षी-गाइडनं दिवसाचा दर कळवल्यावर तुम्ही थबकलात आणि विचारताय, की इतकी वर्षं आपण स्वतःच पक्षी शोधतोय, तर तिथे गाइड कशाला?

मीही नागपूरचाच आहे आणि त्या डोंगरावर गाइडसोबतही फिरलोय, एकट्यानंही फिरलोय. माझं मत आधी सांगतो: पहिल्या दोन सकाळी गाइड घ्या, बाकीचा सगळा वेळ स्वतः फिरा. क्रम उलटा करू नका. पुष्कळ लोक आधी आपण प्रयत्न करू, नाही जमलं तर शेवटच्या दिवशी गाइड बोलावू असं ठरवतात. त्यात गाइडचा उपयोग निम्मा होतो. का, ते पुढे येईलच.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण त्याआधी एक पाहायला हवं. नागपूरच्या आसपास कमावलेलं कसब त्या जंगलात किती चालतं? माझ्या अनुभवानं निम्मं चालतं, आणि जे चालत नाही ते बहुतेक कानाचं असतं.

आपलं जंगल सागाचं, तेंदूचं, मोहाचं. फेब्रुवारीत पानगळ सुरू होते आणि मार्च-एप्रिलात पेंचमध्ये पन्नास-साठ पावलांवरचा पक्षी फांदीवर उघडा दिसतो. पाणवठ्याशी शांत बसलं की पक्षी आपण होऊन येतात. त्यामुळे विदर्भातले आपण सगळे डोळ्यांनी पक्षी पाहायला शिकलो. हालचाल दिसते, दुर्बीण लागते, ओळख पटते. आवाजाकडे लक्ष जातं ते नंतर. पावशा, तांबट, हळद्या, दयाळ असे नेहमीचे आवाज आपण ओळखतो, पण ते लहानपणापासून कानावर पडलेले असतात म्हणून. ते वेगळं असं कधी शिकलेलो नसतो.

आता किनाबालू. डोंगर ४०९५ मीटर उंच, विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम ६ अंशांवर. मुख्यालयाचा परिसर सुमारे १५६० मीटरवर आहे. नागपूर आहे ३१० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणून एप्रिलच्या नागपुरातून गेलेल्या माणसाला तिथे पहाटे स्वेटर लागतो. जंगल बारमाही हिरवं. ओक आणि चेस्टनटच्या कुळातली झाडं, खोडांवर शेवाळाचा जाड थर, त्यावर नेचे आणि ऑर्किड, मध्ये बांबूची गचपण. वाटेवर उभं राहिलं तर बाजूला दहा पावलांपलीकडे नजर पोहोचत नाही. सकाळी आभाळ मोकळं असतं, पण दुपारपर्यंत बहुधा ढग खाली उतरतात आणि मग पंधरा पावलांवरचा पक्षी नुसती काळी आकृती होतो. अशा जागी डोळा दुसऱ्या क्रमांकावर जातो आणि कान पहिल्या.

दुसरा फरक पक्ष्यांच्या वागण्यातला. अंबाझरीच्या काठावर तुम्ही कधीही उभे राहा, काही ना काही चालू असतं. तिथे वीस-पंचवीस मिनिटं काहीही नसतं. पानांवरून पाणी ठिबकतंय, दूर कुठे तरी बार्बेट, म्हणजे आपल्या तांबटाचा नातेवाईक, बोलतोय, बस. आणि मग एकदम मिश्र थवा येतो. बहुतेक वेळा आधी चेस्टनट-हूडेड लाफिंगथ्रशचा गोंगाट ऐकू येतो. आपल्या सातभाईंसारखेच टोळीनं हिंडणारे, तपकिरी टोपीचे, नारिंगी चोचीचे पक्षी. त्यांच्यासोबत बोर्निओचा ट्रीपाय, म्हणजे आपल्या टकाचोराचा नातेवाईक. वरच्या शेंड्यांत मिनिव्हेट, मधल्या फांद्यांत नाचण आणि दोन-तीन जातींचे चिमुकले वटवटे, खाली झुडपांत बॅबलर. तीन-चार मिनिटांत सगळं पार. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला त्यातले दोन पक्षी नीट दिसले तरी पुष्कळ, कारण प्रत्येक हालचालीकडे तो सारख्याच उत्सुकतेनं दुर्बीण वळवतो आणि चारदा तोच लाफिंगथ्रश पाहतो.

गाइडचं पहिलं काम इथे आहे. थवा येतोय हे त्याला मिनिटभर आधी आवाजावरून कळतं. तो तुम्हाला वाटेच्या मोकळ्या वळणावर नेऊन उभं करतो. थवा आला की कोणता पक्षी नेहमीचा आणि पुन्हा दिसणारच, आणि कोणता आत्ताच पाहायला हवा, हे तो सांगतो. दुर्बीण कुठे रोखायची हे सांगणारा माणूस शेजारी असणं म्हणजे काय, ते त्या तीन मिनिटांत समजतं.

दुसरं उदाहरण ट्रोगॉनचं. किनाबालूवर व्हाइटहेडच्या नावाचे तीन पक्षी प्रसिद्ध आहेत: ट्रोगॉन, ब्रॉडबिल आणि स्पायडरहंटर. जॉन व्हाइटहेड हा इंग्रज संग्राहक १८८० च्या दशकात तिथे पोहोचला होता, त्याच्यावरून ही नावं पडली. तिन्ही पक्षी फक्त बोर्निओच्या डोंगरांत सापडतात. तुमच्या यादीत हे तिघं वरच असणार, सगळ्यांच्याच असतात.

सिलाउ-सिलाउ नावाची वाट ओढ्याच्या काठानं जाते. त्या वाटेवर एकदा आमचा गाइड चालता चालता थांबला आणि मागे न बघता हाताचा पंजा आमच्याकडे केला. एक खालच्या पट्टीतला, संथ, तुटक आवाज येत होता. नवख्या कानाला तो बेडकाचा वाटावा असाच. गाइड जागचा हलला नाही. आवाज पुन्हा आला तेव्हा त्यानं फक्त मान वळवली आणि ओढ्यावर झुकलेल्या एका फांदीकडे बोट केलं. पक्षी पाठमोरा बसला होता. पाठ दालचिनीच्या सालीच्या रंगाची, त्या सावलीत वाळलेल्या पानापेक्षा वेगळी दिसत नव्हती. दोन-तीन मिनिटं तो तसूभरही हलला नाही. मग त्यानं अंग वळवलं आणि करडी छाती, तिच्याखाली गडद लाल पोट, डोळ्याभोवतीचं निळं कडं, सगळं एकदम समोर आलं. आंबोलीला किंवा सह्याद्रीत आणखी कुठे तुम्ही मलबार ट्रोगॉन पाहिला असेल तर हा स्थिर बसण्याचा प्रकार तुम्हाला माहीत असेल. हालचाल टिपायला सरावलेला डोळा इथे कामाचा नाही, कारण हालचालच नसते. आवाज ठाऊक असेल तरच तो पक्षी आहे.

म्हणून गाइड सुरुवातीला घ्या म्हणतो. दोन सकाळींत तो तुम्हाला पक्षी दाखवेलच, पण त्याहून जास्त मोलाचं म्हणजे रोज ऐकू येणारे पंधरा-वीस आवाज तो ओळखीचे करून देईल. ते एकदा कानात बसले की तिसऱ्या दिवशी एकट्यानं फिरताना ओळखीचे आवाज तुम्ही बाजूला ठेवू शकता आणि अनोळखी आवाजामागे जाऊ शकता. शेवटच्या दिवशी गाइड घेतला तर हे शिकलेलं वापरायला दिवसच उरत नाही.

इथे आपल्या भागातल्या लोकांच्या मनातली एक समजूत बाजूला करायला हवी. 'गाइड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सफारीची जिप्सी येते. पेंचला किंवा ताडोब्याला गाइड सोबत घ्यावाच लागतो, खाली उतरता येत नाही, आणि बहुतेक पर्यटकांना वाघ हवा असतो म्हणून गाडी वाघामागेच धावते. झाडावर मोरघार बसलेली असते, तुम्ही 'थांबा' म्हणता, गाडीतले बाकीचे लोक घड्याळ बघतात. या गाइडांपैकी काहींचं पक्ष्यांचं ज्ञान उत्तम आहे, पण ते वापरायला त्यांना कोणी सांगत नाही. पक्षी-गाइड हा वेगळा व्यवसाय आहे. तो तुमच्यासोबत पायी चालतो, तुमच्या यादीवरून सकाळ आखतो, आणि एका वळणावर अर्धा तास उभं राहायला त्याची हरकत नसते. किनाबालूच्या परिसरातले बरेच गाइड तिथल्याच दुसुन समाजातले आहेत. याच डोंगराच्या उतारांवर वाढलेले. त्यांना झाडं, फळं, कोणत्या वाटेवर कोणत्या महिन्यात काय पिकतं, हे सगळं माहीत असतं आणि विचारलं की ते मनापासून सांगतात.

आता किनाबालूवर आणखी एका प्रकारचा गाइड असतो, आणि त्यात लोकांचा नेहमी गोंधळ होतो. मुख्यालयापासून साधारण साडेचार किलोमीटरचा डांबरी रस्ता टिम्पोहोन गेटपर्यंत, सुमारे १८६६ मीटरपर्यंत जातो. गेटच्या पुढे शिखराची वाट आहे आणि तिथे परवाना आणि गिरिमार्गदर्शक सक्तीचा आहे. तो तुम्हाला सुखरूप वर नेऊन खाली आणण्यासाठी असतो. पक्षी दाखवणं हे त्याचं काम नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये. शिखर चढायचं नसेल तर या सक्तीशी तुमचा संबंध नाही. मुख्यालयाभोवतीच्या वाटांवर आणि गेटपर्यंतच्या रस्त्यावर पार्कचं प्रवेशशुल्क भरून तुम्ही आपले आपण फिरू शकता. माउंटन ब्लॅकआय किंवा फ्रेंडली बुश वॉर्बलरसारखे आणखी उंचावरचे पक्षी हवे असतील तर मात्र गेटच्या पुढे जावं लागतं. चार रात्रींत, आणि पत्नी सोबत असताना, तो बेत करू नये असं मला वाटतं. चढाईत दोन दिवस जातात आणि दम लागलेल्या माणसाला पक्षी दिसत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हीच ठरवायच्या. वय तुम्ही लिहिलेलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर बहुतेकांना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात, आणि हे आपलं आपल्याला कळत नाही. व्हाइटहेडचा स्पायडरहंटर आणि तिथले छोटे वटवटे अगदी बारीक, चिरक्या आवाजात बोलतात. गोरेवाड्यात सोबतच्या तरुण पोरांना ऐकू येणारे चष्मेवाले तुम्हाला ऐकू येत नसतील, तर दोन सकाळींऐवजी तीन सकाळी गाइड घ्या. तुमचा मुक्काम आठ-दहा दिवसांचा असता तर मी म्हटलं असतं, एकच सकाळ पुरे, बाकी वेळ तुम्हाला आपोआप शिकवेल. चार रात्रींत तेवढी सवड नाही. आणि पत्नीला पक्ष्यांची कितपत आवड आहे, हाही प्रश्न आहेच. गाइड पहाटे साडेपाचला निघून दुपारपर्यंत चालवतो. ज्याला आवड नाही त्याला हे जड जातं. तुम्ही दोघं असताना गाइडशिवाय फिरण्याचा वेग जास्त सुखाचा असतो.

आणि तुम्हाला यादीची फारशी पर्वा नसेल, जे दिसेल त्यात आनंद असेल, तर गाइडशिवायही तुमचा प्रवास छान होईल. हे मी मनापासून म्हणतो. त्या डोंगरावर गाइड नसतानाही जे मिळतं ते थोडं नाही.

टिम्पोहोन गेटवर पहाटे उजाडायच्या वेळी पोहोचा. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. रात्रभर तिथल्या दिव्यांवर पतंग येतात आणि सकाळी भिंतींवर, खांबांवर, जमिनीवर बसलेले असतात. तळहाताएवढे, पानाच्या रंगाचे, सालीच्या रंगाचे. त्यांच्यावर पक्षी तुटून पडतात. बोर्निओचा शीळकरी थ्रश पायऱ्यांवर उतरतो, इंडिगो फ्लायकॅचर दोन हातांवरच्या कठड्यावर बसतो, लाफिंगथ्रश टोळीनं येतात. राखी कोतवालही येतो. हिवाळ्यात गोरेवाड्यात दिसतो तीच ही जात, पण तिथला इतका फिकट करडा आणि डोळ्यापुढे पांढुरका डाग असलेला, की आधी वेगळाच पक्षी वाटतो. हे सगळं पाहायला गाइड लागत नाही, लवकर उठावं लागतं. मग गेटवरून रस्त्यानं पायी खाली उतरत या. रस्ता रुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंचे शेंडे दिसतात, जे आतल्या वाटांवर दिसत नाहीत. चढायला गाडी, उतरायला पाय, हा माझा तिथला ठरलेला नेम आहे.

आतल्या वाटांपैकी सिलाउ-सिलाउ आणि किआउ व्ह्यू या दोन तुम्हाला पुरतील. लिवागूची वाट लांब आहे, नदीकाठची आहे, आणि पावसानं दरड कोसळली की बंद होते. निघण्याआधी मुख्यालयात विचारा. दरडींचा तो डोंगर आहे. २०१५ च्या जूनमधल्या भूकंपानंतर मेसिलाउकडून शिखरावर जाणारी वाट बंदच झाली. एकट्यानं फिरताना एकच वाट दोन वेगळ्या वेळी करा, रोज नवी वाट धरू नका. पहिल्या फेरीत कुठे फळझाडाखाली साली पडल्यात, कुठे ओढा मोकळा होतो, कुठे आवाज आला पण पक्षी दिसला नाही, हे लक्षात ठेवा आणि दुसऱ्या फेरीत फक्त तिथेच थांबा. थवा निघून गेला तरी लगेच चालू लागू नका. मागे राहिलेले, जमिनीलगतचे पक्षी त्यानंतर दिसतात. आयब्राउड जंगल-फ्लायकॅचर हा साधा तपकिरी पक्षी ओढ्याकाठी गुडघाभर उंचीच्या काटकीवर बसतो, उडून किडा टिपतो, पुन्हा त्याच काटकीवर येतो. गाइडसोबत तो दिसतो, नाव कळतं, आणि तुम्ही पुढे जाता. एकट्यानं मी त्याच्यासमोर बराच वेळ बसलोय. भुवई कशी रुंद होते, चोच उघडते तेव्हा जबडा किती पसरट आहे, पिल्लांसाठी किडा कुठल्या बाजूला नेतो, हे बसल्यावरच कळतं. त्यासाठी उरलेले दिवस मोकळे ठेवा म्हणतो.

आणखी एक. आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरताच येत नाही, त्यामुळे जंगलात एकटं चालायची आपल्याला सवय नसते, थोडी धास्तीही असते. बोर्निओत वाघ नाही. मुख्यालयाजवळच्या वाटा आखलेल्या आहेत. निसरड्या लाकडी पायऱ्या आणि अचानक येणारा पाऊस, काळजी घ्यायची ती यांची. कोणत्या वाटेनं जातोय ते मुक्कामी सांगून निघा, एवढं पुरे.

ॲपबद्दल. ते जरूर न्या, माहितीचा संच इथूनच उतरवून घ्या, कारण जंगलात सिग्नलचा भरवसा नसतो. पण ओढ्याच्या खळखळाटात, किड्यांच्या आणि बेडकांच्या आवाजात ते अडखळतं, आणि एकाच वेळी पाच पक्षी बोलत असले की नेमका दुर्मीळ आवाज सोडून देतं. ॲपनं सुचवलेलं नाव पक्षी दिसेपर्यंत यादीत घालू नका. ई-बर्डचा मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो जाण्याआधी. एप्रिलच्या नोंदी उघडून पाहा, कोणते पक्षी जवळपास प्रत्येक यादीत आहेत ते काढा. पार्कमध्ये तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे, पण त्यातले रोज भेटणारे तीस-पस्तीसच असतात. त्यांतल्या वीसांचे आवाज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. रोज दोन-तीन ऐका. गोल्डन-नेप्ड बार्बेटपासून सुरुवात करा, कारण तो दिवसभर बोलतो. आपल्या तांबटाची एकसुरी टुक-टुक ज्याच्या कानात पक्की आहे, त्याला या बार्बेटच्या टुक-टुकच्या शेवटी येणारी घरघर लगेच वेगळी काढता येते.

कान तयार करायचा सराव इथेही होतो, आणि तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. आत्ता पावसाळ्याच्या शेवटी सागाची पानं परातीएवढी झालीत आणि गोरेवाड्यात काहीच दिसत नाही अशी आपली तक्रार असते. हीच वेळ आहे. तासभर दुर्बीण गळ्यात ठेवा पण उचलू नका. आवाज ऐका, नाव मनात म्हणा, दिशा आणि उंची ठरवा, मग दुर्बीण लावून खात्री करा. हिवाळ्यात जमलं तर पचमढीला जा. धूपगड १३५० मीटर उंच आहे, म्हणजे किनाबालूच्या मुख्यालयापेक्षा फार खाली नाही, आणि तिथल्या ओल्या दऱ्यांत शीळकरी कस्तूर, मिश्र थवे, सावलीतले पक्षी पाहायचा सराव होतो. चिखलदराही चालेल. फेब्रुवारीपर्यंत एवढं केलंत तर गाइडच्या दोन सकाळींतून तुम्ही दुप्पट घ्याल.

गाइड निवडताना दरापेक्षा काही गोष्टी आधी विचारा. दरात गाडी धरली आहे का? किती वाजता निघणार? फक्त तुम्ही दोघं असाल की आणखी कोणी सोबत असेल? फोटोवाल्यांचा मोठा गट असेल तर नाही म्हणा. त्यांना एकाच पक्ष्यासमोर तासभर उभं राहायचं असतं, तुम्हाला आवाज शिकायचे आहेत, दोन्ही कामं एकत्र होत नाहीत. अर्धा दिवस चालेल का, हेही विचारा. दुपारनंतर ढग आणि पाऊस असतोच, तेव्हा सकाळच्या सहा-सात तासांचे पैसे देणं तुमच्या हिताचं आहे. पावसानं सकाळ गेली तर काय करायचं, हेही आधीच ठरवून घ्या.

प्लेबॅकबद्दल आधी बोला. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं तिथे सर्रास चालतं. एप्रिल हा बऱ्याच पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून पक्षी अंडी, पिल्लं, खाणं सोडून धावत येतो, आणि रोज चार गट येऊन तेच करत असतील तर त्या जोडीचं काय होत असेल याचा विचार करा. ट्रोगॉनसाठी मी प्लेबॅक नको असं गाइडला स्पष्ट सांगतो, आणि सांगितल्यावर कोणी नाराज झालेलं मला आठवत नाही. उलट चांगला गाइड खुलतो, कारण मग त्याचं खरं कसब लागतं. पक्षी कदाचित अर्धा तास उशिरा दिसेल, कदाचित दिसणारही नाही. मला ते मान्य आहे, तुम्हालाही असावं अशी माझी विनंती आहे.

सामानाचं थोडक्यात: आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण तिथल्या अंधुक उजेडात दहा पटीपेक्षा सरस ठरते. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा न्या. छत्री रेनकोटपेक्षा सोयीची, दुर्बीण तिच्याखाली वापरता येते. जळवा खालच्या उंचीवरच्या दमट जंगलात जास्त, मुख्यालयाकडे कमी. पहाटे निघताना खायला काही मिळत नाही, तेव्हा घरून दशम्या किंवा तिखट पुऱ्या नेल्या तर पहिले दोन दिवस निभतात.

तुमच्या चार रात्री मी अशा वापरल्या असत्या. पोहोचाल त्या दुपारी दोघं मिळून सिलाउ-सिलाउवर तासभर रमतगमत फिरा, फक्त जंगलाची सवय होण्यासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाइड. पहिल्या सकाळी गेट आणि रस्ता, दुसऱ्या सकाळी आतल्या वाटा. त्याला सांगा, की पक्षी दिसला नाही तरी प्रत्येक आवाजाचं नाव सांग. तुम्ही वहीत आपल्या भाषेत टिपा. 'तांबटासारखा पण शेवटी घरघर' अशी टीप नंतर ॲपपेक्षा कामाला येते. दुपारी विश्रांती, नाही तर कुंडासांगच्या भाजीबाजारात चक्कर. चौथा दिवस पूर्ण तुमचा. पत्नीला बदल हवा असेल तर त्या दुपारी पोरिंगचे गरम पाण्याचे झरे आहेत, साधारण ४० किलोमीटरवर आणि बरेच खाली, त्यामुळे तिथले पक्षीही वेगळे. निघायच्या सकाळी पुन्हा एकदा गेट. स्पायडरहंटर या सगळ्यात कदाचित हुकेल. तो अनेकांना क्रॉकर रेंज या डोंगररांगेत जास्त सहज मिळतो, पण तो रस्ता वेगळा आहे, त्यासाठी कोटा किनाबालू शहरातून एक दिवस वेगळा काढावा लागेल. एका पक्ष्यासाठी मुख्यालयाचा दिवस कापून तिकडे धावू नका.

एप्रिलच्या आसपास चांगले गाइड लवकर अडकतात, म्हणून आत्ताच लिहा. पत्रात एवढ्याच गोष्टी घाला: दोघं आहोत आणि त्यातला एकच पक्षीवेडा आहे, मध्य भारतातल्या कोरड्या जंगलाची सवय आहे, डोंगरी जंगलातले आवाज ओळखता येत नाहीत, दोन सकाळी हव्यात, प्लेबॅक नको, आणि व्हाइटहेडच्या तिघांपैकी एक जरी नीट दिसला तरी समाधान आहे. उत्तरात तो तुम्हाला उलटे प्रश्न विचारू लागला, की चालायची किती सवय आहे, कान कसे आहेत, कोणत्या गटातले पक्षी आवडतात, तर त्यालाच ठरवा. नुसता दर आणि बँकेचा खाते क्रमांक आला तर दुसऱ्याला लिहा.